मोराच्या पिसाऱ्यातली सतरा नंबरची डिस्क

बौदी,

जेवायला थांबू नकोस. मी क्लबाच्या मंडपात चाललोय. दादाच्या डिस्कची पेटी तू परवा पूजेच्या सजावटीला देऊन टाकलीस. "सगळं कॉम्प्युटरात आहे, नावांसकट दिसतंय," म्हणालीस. बौदी, कॉम्प्युटरात नुसती नावंच आहेत. कुठल्या डिस्कवर काय आहे ते चटकन सापडावं म्हणून दादाने यादी केली होती. त्याने टिपलेले आवाज डिस्कवरच राहिले.

क्लबातले लोक त्या कापून देवीमागे मोर करताहेत. बिल्टूला फोन केला तर म्हणतो, "टुटुलदा, मान झाली, आता पिसारा चाललाय." कात्री खाली ठेव म्हटलं त्याला. ऐकलं असेल तर बरं.

तू शाळेतून आलीस की तिकडे धावत येऊ नकोस, कुणाला बोलूही नकोस. त्यांना काय माहीत. बाकीच्या गेल्या तर जाऊ देत, मला सतरा नंबरची हवी आहे. दादा गेल्यावर त्याचा स्वतःचा आवाज तेवढ्या एकीवरच उरलाय.

डाळ झाकून ठेवलीय, मासे तळायचे राहिले. मिनी शेजारच्या मासीमांकडे आहे. तिला आणलंस की कॉम्प्युटरापासून लांब ठेव. सकाळी तिने यादीतल्या 'बाबा मिनीला झोपवताना' या नावावर टिचकी मारली. 'डिस्क सतरा घाला' अशी पाटी आली. तिने आपली बडबडगीतांची डिस्क घातली आणि उशी घेऊन कॉम्प्युटरासमोर आडवी झाली.

तुझा दीर,
टुटुल