मडमेनं दिलेलं पान

नवापूर, मंगळवार, पौष

थोरल्या जाऊबाईंचा संताप संताप येतो. मिशनच्या मडमेनं दिलेलं आफ्रिकन व्हायोलेटचं पान मी ओल्या वाळूत खोचलं, तर ह्या रोज आंघोळीनंतर तुळशीबरोबर त्याच्याही डोक्यावर तांब्या ओतायच्या! कुजलंच ते. वर चारचौघींत, "हिना हाते काहीच उगत नई." मूल नाही, त्यावरून. कळत नाही का मला?

मडमेकडून दुसरं पान आणून खिडकीत काचेच्या पेल्याखाली जपलं. आज बुडाशी उंदराच्या कानांएवढी पिल्लं दिसली. जाऊबाईंनाही दिसली. "मले बी एक पान दे ना वं!"

पिल्लं ठेवली, मोठं पान कापून दिलं. पाप लागेल? लागू दे. गोड आवाजात सांगितलं, रोज तुळशीसारखं डोक्यावरून पाणी घालत जा.