जखमेभोवतीचं कुंपण

३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बाबांचा उजवा हात पुन्हा कात्री धरेल का, असं तू विचारलंस. मला माहीत नाही. घरातली पहिली पदवीधर असून हेच उत्तर द्यावं लागतं, ते जड जातं. फोनवर आपण भांडतो, म्हणून लिहिते आहे.

माहीत आहे तेवढं सांगते. मेंदूत संदेश नेणाऱ्या पेशींना सांभाळणाऱ्या मदतनीस पेशी असतात. बाबा शिवणाच्या दुकानाच्या जिन्यावरून डोक्यावर पडले तेव्हा या पेशी फुगल्या, वाढल्या आणि मार लागलेल्या जागेभोवती त्यांनी दाट कुंपण घातलं. त्या कुंपणामुळे संदेश नेणारे तुटलेले धागे परत वाढत नाहीत, असं आमच्या प्रयोगशाळेत पुष्कळांना वाटतं. म्हणून ते होऊच न देणारं एक औषध आम्ही उंदरांवर तपासतो आहोत. मला त्याची फार आशा आहे.

वहिनीने विणलेला स्वेटर इथल्या गारठ्यात रोज अंगावर असतो. बाह्या लांब आहेत, दुमडून घेते. तुमची मायाही अशीच मापापेक्षा जास्त राहू दे.

तुझी धाकटी


१९ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

उंदरांच्या डॉक्टरीणबाई, तुमचं पत्र बाबांना वाचून दाखवलं. कुंपणाचं त्यांना लगेच पटलं. चुकलेली शिवण उसवावीच लागते, म्हणाले. आता दुकानात येईल त्याला सांगतात, की मुलगी औषध आणते आहे, तुमचा कोट मीच कापीन. मी कापलेला कोट नेताना गिऱ्हाईक माझ्याकडे कसं बघतं, ते विचारू नकोस.

एक मात्र झालं. हाताचा व्यायाम घेणाऱ्या बाईंना त्यांनी यायचं बंद करायला सांगितलं. औषध येतंय तर रबरी चेंडू कशाला दाबत बसू, म्हणतात. मी त्यांना अडवलं नाही. पडल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी नीट दाढी केली होती. एखादी बाटली मिळते का बघ. नाही मिळाली तरी त्यांना तसं कळू देऊ नकोस.

तुझी वाट बघणं अंगवळणी पडलंय, पत्राची तरी फार बघायला लावू नकोस.

दादा


२ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बाटली मिळणार नाही. ज्या उंदरांत आम्ही कुंपण होऊ दिलं नाही, त्यांची जखम आजूबाजूच्या धडधाकट भागात पसरली. आम्ही ज्यांना अडथळा म्हणत होतो, त्या पेशींनीच नुकसान थोपवून धरलं होतं. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी फळ्यावरचा जुना आराखडा पुसला आणि नवा काढायला घेतला. इथे हे असंच चालतं.

पण हाताला पुन्हा वळण लावायला पडल्यानंतरचे हेच पहिले महिने सगळ्यात उपयोगाचे, असं इथले डॉक्टर सांगतात. बाबा ते माझ्या औषधाची वाट बघण्यात घालवत आहेत. त्यांचं मन मोडू नये हे तुझं म्हणणं कळतं. तू नकोच म्हणाला असतास, म्हणून तुला आधी विचारलं नाही. रागावलास तरी चालेल, अबोला तेवढा धरू नकोस.

आज सकाळी तू दुकान उघडायला गेल्यावर घरी फोन करून मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, की आता गिऱ्हाइकांना काय सांगू. कोट दादा कापतो असं सांगा, म्हटलं. त्यांनी फोन ठेवून दिला. त्यानंतर मी व्यायामाच्या बाईंशी बोलले. त्या सोमवारपासून पुन्हा येत आहेत.

धाकटी