ओढ्याची हेडगर्ल

१४ जून
ओढ्यावरचे सात सेन्सर आज सुरू झाले. खालच्या वस्तीला पुराची सूचना वेळेत मिळावी म्हणून. गावच्या पूर समितीची अध्यक्ष मी, त्यामुळे पासवर्ड माझ्याकडे. कराडची इंजिनिअर अल्फिया समजावत होती. प्रत्येक डबा पाणी मोजतो, एका मुख्य डब्याला कळवतो, आणि तो माझ्या गच्चीवरचा भोंगा वाजवतो. मुख्य डबा म्हणे रोज बदलतो, म्हणजे एकाच बॅटरीवर भार येत नाही. रोज? संगीत खुर्ची आहे का? कॉन्व्हेंटमध्ये मी वर्षभर एकटी हेडगर्ल होते. डिसिप्लिन असंच येतं.

१५ जून
फोनवर सेटिंग सापडलं. दोन नंबरच्या डब्याला कायमचं मुख्य केलं. माझ्या फाटकाशी आहे, नजरेसमोर राहील. अख्खी नोकरी टेलिफोन खात्यात काढली. कॉल कुठून कसा फिरवायचा हे कालच्या पोरीने मला शिकवू नये.

२ जुलै
पाऊस. माझ्याकडे कामाला येणारी अंबूबाई ओढ्याकाठी राहते. म्हणाली, आवं बाईसाहेब, असल्या पावसात गडीमानसं पाळीनं वढ्यावरच्या साकवावर पानी बघत जागत्यात, आज आमच्या ह्यांची पाळी हाय. नॉन्सेन्स! सरकारने यंत्रं कशाला दिली? तिच्या नवऱ्याला, कृष्णातला, बोलावून बजावलं, आता सगळ्यांनी झोपायचं. तो हसला. म्हणाला, लय झ्याक, डब्याला च्या-बिडी बी लागत न्हाई. साकवावरचा कंदील घरी घेऊन गेला. समाज असा सुधारतो.

९ जुलै
दोन नंबरची बॅटरी ४१ टक्के. बाकीच्या सहांची नव्वदच्या वर, कामचुकार कुठले. ऊन नाही म्हणून असेल. त्याचं सोलर पॅनल रुमालाने पुसून घेतलं.

१३ जुलै
२३ टक्के. अल्फियाचा फोन. मॅडम, सहा जणांचं ओझं एकट्यावर टाकलंय, तो मरेल, पाळी परत सुरू करा. मी म्हटलं, हेडगर्ल अशी मरत नसते. तर म्हणते, हेडगर्ल शाळा सुटली की घरी जाऊन झोपायची, मॅडम, ह्या डब्याला कोण सोडतंय?
उद्धट. नंबर ब्लॉक केला.

१५ जुलै
११ टक्के. मी हट्टी नाही. पाचवर आली की पाळी लावायची, असं ठरवलं. त्याआधी लावणं म्हणजे त्या मुलीपुढे शरणागती.

१६ जुलै, झोपताना
६. म्हणजे अजून पाच नाही. बाहेर धो धो. सकाळी उठल्याबरोबर बघते.

१७ जुलै
पहाटे ओढा वस्तीत शिरला. भोंगा वाजला नाही. अंबूबाई पत्र्यावर चढून वाचली. कृष्णात म्हैस सोडायला गेला.
म्हैस सापडली.

१८ जुलै
अल्फिया आली. दोन नंबर बंद पडलेला. बाकीचे सहा डबे उघडून तिने लॅपटॉपला लावले. सगळ्यांत पाणी चढल्याची नोंद. सगळ्यांच्या बॅटऱ्या भरलेल्या. पहाटेपर्यंत दोन नंबरला हाका मारत होते. वाटलं, ही आता तोंड सोडणार. तिने फक्त लॅपटॉप माझ्याकडे वळवला, आणि मी वाचेपर्यंत थांबली.
बॅटरीच हलक्या दर्जाची. पुढच्या मीटिंगला हा मुद्दा घ्यायचा. पॅनलवर फणसाची सावली येते, तेही त्यांनीच बघायला हवं होतं.
दिवसभर जेवण गेलं नाही. ॲसिडिटी.

२० जुलै
कृष्णात सापडला. खाली उसात.
वस्तीला शाळेत हलवलंय. अंबूबाईला भेटायला गेले. जायचं नव्हतं, पण अध्यक्षांनी जायला हवं. भिंतीला टेकून बसली होती. मला बघून पदर सावरला. म्हणाली, बाईसाहेब, येक इचारू? समदी म्हंत्यात भोंगा वाजलाच न्हाई. पन तुमी तर वर व्हता. वाजला व्हता का?
मी म्हटलं, वाजला.
ती म्हणाली, मंग आमचीच झोप वैरीण.