नंबर लागेपर्यंत

नांदेड, २३ जून

प्रिय लता,

पत्र बघून दचकू नकोस, तब्येत ठणठणीत आहे. फोनवर आपलं बोलणं सुकन्याच्या मार्कांवर सुरू होतं आणि तिच्या जेवणावर संपतं. माझी पाळी येईपर्यंत तुझा कुकर झालेला असतो. म्हणून म्हटलं, लिहावं. कुकरवरून आठवलं, भात मला आता नीट जमतो. पोळ्यांचं मात्र विचारू नकोस. भात अजून दोघांपुरताच लावला जातो आणि उरलेला सकाळी फोडणी देऊन मीच खातो. घर फार गप्प आहे गं.

परवा लोह्याजवळ एका पुलाच्या कामावर गेलो होतो. तिथले मुकादम साहेबराव कुदळीला हात लावायच्या आधी म्हणतात, “सायेब, कुठवर खोदायचं ते आधी दावा. मागून वाढवलं तर न्हाई जमायचं.” मी उभा राहून चुन्याची फक्की मारून घेतली, तेव्हा गड्यांनी काम धरलं. परतताना जीपमध्ये आपलंच आठवत राहिलं. नोकरीच्या सत्तावीस वर्षांत काय करायचं आणि कधी संपवायचं हे लिहिल्याशिवाय मी रस्त्याखालच्या साध्या मोरीच्या कागदावर सही केली नाही. आणि सुकन्याची दहावी झाल्यावर तुम्हा दोघींना लातूरला पाठवताना काय ठरवलं? नंबर लागेपर्यंत. कशाला नंबर, कितीदा परीक्षा, कुणी किती दिवस एकटं राहायचं, काही म्हणजे काही नाही.

आपल्या गल्लीतल्या निम्म्या आया मेडिकलच्या क्लासपायी लातूरला खोली करून राहतात, दोन वर्षं पोरांना गरम जेवण घालतात आणि परत येतात. आपणही त्याच वाटेनं निघालो. तू तेव्हा म्हणाली होतीस, डॉक्टर झाली म्हणजे झालं, आयुर्वेद का असेना. बारावीनंतर आयुर्वेदाला नंबर लागतही होता. पेढे आणायचे सोडून मीच म्हणालो, एमबीबीएसच पाहिजे, एक वर्ष आणखी बसू दे तिला. चालू कामात कुणी असा बदल केला तर ऑफिसात मी त्याला फाडून खातो. घरात मला कोण बोलणार? यंदाही मार्क तेवढेच आलेत आणि आता तू म्हणतेस, अहो, अजून एकच वर्ष. दोन वर्षांचं काम चौथ्यात चाललं.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवली आहे. मार्चमध्ये मी मीटिंगला लातूरला आलो होतो. न सांगता खोलीवर यावं म्हणून अर्धापूरची केळीही घेतली होती. गल्लीच्या तोंडाशीच तू दिसलीस. स्कूटीवर, पुढे डब्यांच्या दोन पिशव्या. तुझ्या घरमालकीण पंचफुलाबाई ओट्यावरून काहीतरी म्हणाल्या आणि तू खळखळून हसलीस. लता, रस्ते खराब आहेत म्हणून मी तुला तेवीस वर्षं स्कूटीला हात लावू दिला नाही. ते रस्तेही माझ्याच खात्याचे! चार पोरींचे डबे करते एवढंच तू सांगितलं होतंस. त्या पिशव्यांत वीस तरी असतील. मला तुझं फार कौतुक वाटलं, आणि त्याच वेळी वाटलं, माझ्यावाचून तुझं काही अडत नाही. तसाच मागे फिरलो. केळी एसटीत वाटून टाकली आणि खिडकीकडे तोंड करून रडलो.

आज लिहायला बसलो ते सुकन्यामुळं. काल तू डबे द्यायला गेली असताना तिचा फोन आला. तिला आयुर्वेदच करायचंय, गेल्या वर्षीही करायचं होतं. पण म्हणाली, “बाबा, मी ॲडमिशन घेतलं की आईला परत यावं लागंल. ती इथं लई खूश आहे हो. म्हणून मीच म्हणलं, अजून एक वर्ष देते.” आपल्याला जे बोलता आलं नाही, त्यापायी पोर आपलं वर्ष घालवायला निघाली आहे. तिला आता मोकळी करू. आयुर्वेदाचा फॉर्म भरायला तूच सांग, माझं नाव घेऊन सांग. तुझं मात्र तू ठरव. परत ये म्हणायचा मला हक्क नाही, आणि मन तर रोज तेच म्हणतं. बदल्यांचे अर्ज महिनाअखेरपर्यंत घेतात. मी लातूरसाठी भरलाय, अजून दिलेला नाही. मी तिथं राहायला आलो तर तुला चालेल का, एवढंच कळव. नको वाटलं तर तसंही सांग.

तुझाच,
रेणुकादास