शिंप्याच्या दुकानातले आठ फरक

दि. ३ जून

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

प्रकाशकांची नवी यादी कालच्या टपालाने आली. तुलाही आली असेल आणि तू ती दारात उभ्याउभ्याच उघडली असशील. मी चहा होईपर्यंत धीर धरला. पहिल्याच पानावर रंगीत चौकटीत तुझं ‘कापा, चिकटवा, शोधा : भाग अठरा’, शेजारी तुझं ते पुठ्ठ्याचं घुबड. मग गांडुळांवरचा प्रबंध, एक व्याकरण, शिवणकामाची दोन पुस्तकं, आजारी माणसाची शुश्रूषा कशी करावी, आणि अकराव्या पानाच्या तळाशी, काडेपेटीएवढ्या जागेत, मी. ‘जुनी मोजमापे : एक अभ्यास’. एकोणीस वर्षांचं काम, आणि त्यातलाही अर्धा शब्द पानाच्या घडीत गेलेला. मला तुझा हेवा वाटतो हे तुला ठाऊकच आहे, तेव्हा ते लिहायला लाजत नाही.

माझ्या पुस्तकाची प्रुफं सोबत पाठवते आहे. दादाचा डोळा आता कसा आहे? ऑपरेशनला महिना झाला, म्हणजे वाचायची परवानगी मिळाली असेल. प्रेसमध्ये त्याने उभ्या आयुष्यात परक्यांच्या हजारो पानांतल्या चुका काढल्या, आता बहिणीच्या काढू दे. त्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय मी हे पुस्तक छापू देणार नाही, असं प्रकाशकांना सांगून बसले आहे.

एक विनंती. अगदी वरचं पान अर्पणपत्रिकेचं आहे. पुस्तक त्यालाच अर्पण केलं आहे, हे त्याला माहीत नाही. एकच ओळ आहे, पण तिने मला पूर्ण पुस्तकापेक्षा जास्त छळलं. ते पान त्याने सर्वांत आधी पाहावं, आणि तो काय म्हणतो ते तू मला शब्दन् शब्द कळव. बाकीच्या चारशे पानांना तो काहीही म्हणो.

घुबडाला माझा नमस्कार सांग. रंगीत चौकटीतून खाली उतरून कधीतरी मलाही आठवत जा.

तुझी,
अकराव्या पानावरची नणंद

दि. ११ जून

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

डॉक्टरांनी परवानगी दिलेली नाही. जुलै संपेपर्यंत एक अक्षरही वाचायचं नाही, असं बजावलं आहे. परवा हे दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचायला गेले तर मी पिशवी हातातून काढून घेतली. मग तुमच्या प्रुफांचं काय करायचं, यावर आमचे दोन दिवस वाद झाले आणि शेवटी ते माझ्या गळ्यात पडलं. रोज दुपारी जेवणं आटोपली की मी मोठ्याने वाचते, हे डोळे मिटून ऐकतात, आणि सांगतील तिथे मी लाल शाईने खूण करते. स्वल्पविराम, अर्धविराम, कंस सुरू, कंस बंद, सगळं उच्चारून. एकदा कंस उघडून मी पाणी प्यायला उठले, तर आधी कंस बंद कर म्हणाले.

पुस्तक यांना भलतंच आवडलं आहे. जेवतानाही तुमच्या तळटीपा चालू असतात. विती माणसागणिक कशा बदलतात ते प्रकरण आलं, तेव्हा खात्री करायला म्हणून यांनी माझा हात टेबलावर पसरायला लावला आणि बोटांनी चाचपून मोजला. लग्नाला एकतीस वर्षं झाली. माझी वीत यांनी पहिल्यांदाच मोजली, तीही तुमच्या तळटीपेपायी. मला कौतुक वाटायला हवं होतं, पण अंगाचा तिळपापड झाला. माझी सतरा पुस्तकं यांच्या हातून गेली. प्रत्येकाच्या शेवटच्या पानावर एकच शेरा असतो : ठीक.

आता माझं काम. भाग अठराची शेवटची प्रुफं आली आहेत आणि चित्रं काही वाचून दाखवता येत नाहीत. माझी चूक मला दिसत नाही, तो माझा जुनाच रोग. यांचं म्हणणं, अशा वेळी घरातला दुसरा डोळा म्हणजे तुम्ही. तेव्हा सोबतचा गठ्ठा तपासा, लाल शाईने खुणा करा आणि पंचवीस तारखेच्या आत थेट प्रेसला पाठवा. आपल्या घरची लाल शाई दिसली की तिथला चित्रकार काही विचारत बसत नाही, सांगितलं तेवढं मुकाट्याने करतो.

कळावे. भावावर आहे त्याच्या निम्मा लोभ तरी माझ्या वाट्याला येऊ द्या.

तुमची,
वाचून वाचून घसा बसलेली वहिनी

दि. २४ जून

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं, आणि मागून आलेलं कार्डही मिळालं. सातव्या प्रकरणाला दादा काय म्हणाला ते कळलं. आठव्यातल्या दोन चुका त्याने नुसत्या कानाने पकडल्या, तेही कळलं. पहिल्या पानाबद्दल मात्र दोन्हींत अवाक्षर नाही. विसरलीस की तो काही बोललाच नाही? बोलला नसेल तर तसंच कळव. मला गोड करून सांगू नकोस.

तुझं पुस्तक तपासून आजच प्रेसला धाडलं. मी ते काम चोख केलं आहे. घुबड स्वतः कापून, चिकटवून पाहिलं. ते उभं राहत नाही, नाकावर आपटतं, कारण शेपटीची घडी तू उलटी सांगितली आहेस. ती दुरुस्त केली. चक्रव्यूहातून सशाला बाहेर यायला वाटच नव्हती, ती काढून दिली. चौतिसाव्या पानावर शिंप्याच्या दुकानाची दोन चित्रं आहेत, त्यांतल्या दुसऱ्यात बऱ्याच गोष्टी राहून गेल्या होत्या, त्या भरून काढल्या.

हे सगळं करताना माझ्या मनात आलं, की माझं पुस्तक लोक कपाटात ठेवतील आणि वर्षातून एकदा त्यावरची धूळ झटकतील. तुझं पुस्तक मुलं कापून, रंगवून, खळ लावून महिन्याभरात संपवून टाकतील आणि नवं मागतील. पुस्तकाने असं संपून जावं हे भाग्य मला कधी लाभणार नाही.

दादाला विचार. माझं नाव सांगून विचारलंस तरी चालेल.

उत्तराची वाट पाहणारी,
नणंद

दि. २२ जुलै

वन्संना,
स. न. वि. वि.

भाग अठरा बाहेर पडला. घुबड झकास उभं राहतं, ससाही घरी पोचतो. पण चौतिसावं पान तुम्ही पाहिलंत का? वर लिहिलं आहे, या दोन चित्रांतले आठ फरक शोधा. खाली शिंप्याची दोन दुकानं, आणि दोन्ही अगदी सारखी. दुसऱ्या चित्रात मी कात्रीची एक मूठ मुद्दाम रेखाटली नव्हती. यंत्राचं चाक, भिंतीवरची टेप, बाकाचा चौथा पाय, एकेक गोष्ट मी विचार करून गाळली होती. तुम्ही प्रत्येक ठिकाणी लाल शाईने ‘हे राहिले, घालावे’ असं लिहिलंत, आणि चित्रकाराने ते घातलं. प्रेसमधून पान मागवून मी तुमचं अक्षर डोळ्यांनी पाहिलं.

बत्तीस शाळांतून पत्रं आली आहेत. एका वर्गाने पूर्ण तास त्या पानावर घालवला आणि तीन मुलं रडली. एका मुलीने मात्र नऊ फरक शोधून पाठवले. डावीकडची मांजर झोपायच्या बेतात आहे आणि उजवीकडची नुकतीच उठली आहे, हा त्यांतला पहिला. माझ्या अठरा पुस्तकांत इतकी पत्रं कधी आली नव्हती, आणि आली ती अशी. प्रकाशक म्हणतात भाग एकोणीस दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ. गोड आवाजात म्हणाले, त्यामुळे जास्त लागलं.

मोठ्या अभ्यासकांना वरची एक ओळ वाचायला सवड नसते, हे मी समजू शकते. पण यांना हे सांगितलं तर हे इतके हसले की मला डोळ्याची काळजी वाटली. म्हणाले, तिला लहानपणापासून काही अपुरं बघवत नाही, काढून दिलेलं अर्धं चित्र ती रात्रीतून पुरं करून ठेवायची. यात कौतुक कसलं, ते मला सांगा. नुकसान माझं, आणि लाड तुमचे.

तुमच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण संपलं. प्रुफं परत गेली.

वहिनी

दि. २६ जुलै

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

मी वरची ओळ वाचली होती.

एकोणीस वर्षं मी पुसट झालेल्या नोंदी भिंगाखाली वाचत आले. ठळक अक्षरांतली ओळ मला दिसली नाही, यावर तू विश्वास ठेवलास हा तुझा भाबडेपणा. आठही फरक मी शोधले. कात्रीची मूठ शेवटी सापडली. मग लाल शाईची बाटली उघडली आणि एकेक फरक मिटवला.

त्याच सकाळी तुझं ते कार्ड आलं होतं. दादा याला हे म्हणाला, त्याला ते म्हणाला, पण माझ्या अर्पणाच्या ओळीला काही नाही. मला वाटलं, त्याने ती ऐकली आणि गिळून टाकली. बायको समोर बसली असताना बहिणीला भाव कशाला द्यायचा, असं वाटलं असेल त्याला. मग मला तुझा राग आला. तुझ्या रंगीत चौकटीचा आला. आणि रोज दुपारभर तू त्याच्याजवळ बसून माझं पुस्तक त्याला वाचून दाखवतेस, मला इथे त्याचे शब्द टपालाने मिळतात, तेही तुला वाटतील तेवढे, याचा सर्वांत जास्त आला. रागापेक्षा मत्सर म्हण. एवढ्या वयाला हा शब्द स्वतःबद्दल लिहिताना बरं वाटत नाही.

प्रकाशकांना आजच पत्र टाकलं आहे. चूक माझी आहे आणि जाणूनबुजून केलेली आहे, भाग एकोणीस तुझ्याकडून काढून घेतला तर माझं पुस्तकही परत द्या, असं लिहिलं आहे. दादाला हे कळेलच. त्या मुलांना मी पत्रं लिहीन, पत्ते पाठव.

तुझी माफी मागते. लोभ ठेव असं म्हणायचा हक्क सध्या मला नाही.

तुझी नणंद

दि. ३० जुलै

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

तुम्ही खरं लिहिलंत, त्यामुळे मलाही लिहिणं भाग आहे. नाहीतर मी लिहिलं नसतं.

ते पान मी यांना वाचून दाखवलंच नव्हतं. गठ्ठा उघडला तेव्हा ते वर होतं. मी मनातल्या मनात वाचलं, काढून शिवणाच्या डब्याखाली ठेवलं आणि यांना सांगितलं की पुस्तक प्रस्तावनेपासून सुरू होतं. उद्या वाचू, असं ठरवलं होतं. मग रोजच उद्या. तुम्ही पत्रात विचारलंत तेव्हाही मी मूग गिळून बसले. सुरुवातीची पानं शेवटी छापतात, म्हणून प्रेसने ते पान तीनदा मागितलं. तिन्ही वेळा मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

अठरा पुस्तकं झाली, त्यांतलं एकही मी यांना अर्पण केलेलं नाही. मुलांच्या पुस्तकाला अर्पणपत्रिका कुठे असते, असं म्हणत राहिले. खरं म्हणजे मला सुचलंच नाही. आणि तुमच्या एका ओळीत यांचं असं काही होतं जे मला एकतीस वर्षांत ठाऊक झालं नव्हतं. ते मी यांना माझ्या तोंडाने वाचून दाखवायचं, हे मला सोसेना.

काल दुपारी वाचलं. ‘दादास, भिंतीवर माझी उंची मोजताना ज्याने दर वर्षी बोटभर वर खूण केली.’ पूर्णविरामासकट वाचलं. हे पुन्हा वाच म्हणाले. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा यांच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी येत होतं. मी टिपत राहिले. मग म्हणाले की एक चूक आहे, दुरुस्त कर. बोटभर नाही, दोन बोटं. बोटभराने तिचं समाधान होत नसे.

हे पान इतके दिवस कुठे होतं, ते यांनी विचारलं नाही. न विचारता त्यांना कळलं असावं, आणि तेच मला जड जातंय.

‘बोटभर’ खोडून ‘दोन बोटं’ मीच केलं, लाल शाईने, आणि पान आज सकाळी स्वतः प्रेसमध्ये नेऊन दिलं. पुस्तक सोमवारी बांधून मिळेल. यांना वाचायची परवानगी त्याच दिवशी आहे. तुम्ही या. ते पान उघडून पुस्तक तुम्हीच यांच्या हातात द्या. मी तेवढा वेळ बाहेर जाईन, घरात थांबले तर दारामागून ऐकत बसेन. माझ्या पुस्तकांना हे खूपदा हसले आहेत, पण कधी रडले नाहीत, आणि हे मला पुढेही सलत राहणार आहे. तुमच्यापासून ते लपवत नाही.

संध्याकाळी मात्र मी परत येईन. तोवर तुमचं बोलून झालेलं असू द्या.

तुमची,
वहिनी