कोल्हारच्या विहिरीवर तू ओढलेलं पाणी

आई,

यांना आत्ताच कुशीवर वळवून आले. अर्धांग गेल्यापासून दिवसातून कितीदा तरी वळवावं लागतं, नाहीतर पाठ सोलते. माझे खांदे भरून येतात. दुपारी जरा अंग टाकावं म्हटलं तर झोप येत नाही, तू येतेस. आजारपणातली, शेवटी शेवटी मला ओळखेनाशी झालेली तू नव्हे. बहात्तरच्या दुष्काळातली तू. खडी फोडून तळव्यांना घट्टे पडलेली, एकच धड लुगडं जपून ठेवणारी.

ते लुगडं तू नेसली होतीस त्या दिवशी. वैशाख होता. दादांनी माझ्यासाठी कोल्हारचं स्थळ काढलं होतं आणि मुलाकडच्यांचा निरोप होता की मुलगी घेऊन इकडंच या, बाग सोडून आम्हाला निघता येत नाही. मुलीनं मुलाच्या घरी दाखवायला जायचं, हे तुला पटलं नव्हतं. पण दादा म्हणाले, "कालव्याचं गाव हाय. माज्या पोरीला दोन वेळची भाकर मिळंल. आपल्याकडं काय ठिवलंय?" पाथर्डीहून नगर, नगरहून कोल्हार, एसटीच्या खिडकीतून सगळीकडं तेच, फुफाटा आणि हाडं निघालेली जनावरं. तू माझ्या डोक्यावरचा पदर दोनदा सारखा केलास.

त्या घराची रोपवाटिका होती. सासरे होणार होते ते म्हातारबाबा, त्यांची बायको, दोन मुलगे आणि थोरल्याची बायको, सगळे त्यातच राबत. गुलाबाची, पेरूची कलमं विकायचे. पण मी गेले तेव्हा गुलाबाच्या नुसत्या काटक्या उरल्या होत्या. जिवंत होता तो एकच कोपरा. आंब्याखाली बांबूचा मांडव, त्यावर ओल्या गोणपाटांची सावली, आणि आत लाकडाच्या ओंडक्यांना काथ्यानं बांधलेली आमरीची, म्हणजे ऑर्किडची, झाडं. मला तेव्हा आमरी हे नावही ठाऊक नव्हतं. म्हातारबाबा तरुणपणी अकोले तालुक्यातल्या डोंगरात लाकूडतोडीवर होते. तोडलेल्या झाडांवरची ही बांडगुळासारखी दिसणारी रोपं त्यांनी पोत्यात भरून आणली आणि जगवली. पुण्या-मुंबईचे बंगलेवाले ती न्यायला यायचे. "गुलाब पुन्हा लावता येतील," ते दादांना सांगत होते, "ही गेली तर कुठून आनू? डोंगरात ती झाडंच ऱ्हायली न्हाईत." त्यांचा आवाज कापत होता. वाईट माणूस नव्हता तो. हे मी तेव्हाही जाणत होते आणि आजही म्हणते.

धाकटा मुलगा, म्हणजे ज्याच्यासाठी आपण गेलो होतो तो, मला मांडव दाखवायला घेऊन गेला. तू दारातून दिसत होतीस, म्हणून दादांनी जाऊ दिलं. आत गारवा होता. वर्षभरात तसा गारवा अंगाला लागला नव्हता. एका ओंडक्यावरून फुलांचे लांब तुरे लोंबत होते, पांढरे, आत जांभळट ठिपके. "सीतेची वेणी म्हंत्यात हिला," तो म्हणाला. मग म्हणाला, "मुळांना माती लागत न्हाई. हवेवर जगती. फकस्त दिसातनं दोनदा भिजवावी लागती." मी एका तुऱ्याला बोट लावलं. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "आबा फूल तोडू देत न्हाईत. लग्नात देतील."

मी बाहेर आले तेव्हा तू ओसरीवर नव्हतीस.

विहीर घराच्या मागं होती. पाणी इतकं खाली गेलं होतं की इंजिनाला उचलत नव्हतं, म्हणून रहाटानं शेंदायचं. थोरली सून शेंदत होती. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. पोट दिसत होतं. बादली वर आली की थोरला मुलगा ती उचलून मांडवात न्यायचा, फवारायचा, रिकामी आणून ठेवायचा. तोही दमलेला होता, त्याच्या पाठीवर मीठ वाळलं होतं. सगळेच दमलेले होते. पण दोर तिच्या हातात होता. तू तिच्याजवळ उभी होतीस आणि हळू आवाजात विचारत होतीस.

"कितवा?"

"सहावा."

"आन सकाळधरनं तूच?"

तिनं दोर एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि मोकळा झालेला तळवा लुगड्याला पुसला. तू तो हात धरून उलटा करून पाहिलास. मग कासोटा खोचलास, तिच्या हातातून दोर घेतलास आणि म्हणालीस, "जा, सावलीला बस."

तू ओढायला लागलीस, आई. आत आपल्यासाठी चहा उकळत होता, दादा आणि म्हातारबाबा तिथी बघायच्या बोलण्यावर आले होते, आणि तू ते एकुलतं एक लुगडं भिजवत बादल्या वर काढत होतीस. म्हाताऱ्या बाई धावत आल्या. "अवं विहीनबाई, हे काय? पाव्हण्या हायसा तुमी."

"पाव्हणी हाय म्हनून तर," तू म्हणालीस. "हितली असते तर हिच्यासारखी गप वढली असती."

थोरला मुलगा बादली उचलायचा थांबला होता. तू त्याला म्हणालीस, "ने की. झाडांचा काय दोष?" आणि सगळी झाडं भिजेपर्यंत थांबली नाहीस. मग पदरानं तोंड पुसलंस, चहा न घेता चपला घातल्यास आणि सगळ्यांसमोर, अगदी साध्या आवाजात सांगितलंस, "पोरगी देनार न्हाई मी."

परतीच्या एसटीत दादा आपल्यापासून लांब बसले. घरी आल्यावर बोलले ते सगळं खरं होतं. दुष्काळ काय जन्मभर राहणार होता? पाऊस पडला की त्या मातीत सोनं पिकणार होतं. त्यांनी हुंडा मागितला नव्हता. तू भाकरी थापत ऐकून घेतलंस आणि एवढंच म्हणालीस, "पाऊस पडंल. पन मानसं तीच ऱ्हातील." दादा त्या रात्री जेवले नाहीत, आणि त्यानंतर बरेच दिवस तुझ्याशी कामापुरतंच बोलले. आपण दोघी परत खडीवर जायला लागलो. मी फोडत होते आणि मला तो मांडवातला गारवा आठवत होता.

पुढं दोन वर्षांनी यांचं स्थळ आलं. नगरला शाळेत शिपाई. तू घर बघायला गेलीस, चूल पाहिली नाहीस, माणसं पाहिली नाहीस, सरळ परसात जाऊन नळ सोडून पाहिलास. धार लागली तशी हो म्हणालीस. हे मला कधी वावगं बोलले नाहीत. संसार झाला. मुलं मार्गी लागली, लांब गेली. आता मी आहे आणि हे आहेत. सगळा दिवस यांना धुण्या-पुसण्यात जातो.

गेल्या महिन्यात मुलगी चार दिवस राहायला आली, तेव्हा यांना तिच्यावर सोपवून मी कोल्हारला जाऊन आले. झाड आणायचं निमित्त केलं. ती रोपवाटिका आता मोठी झाली आहे, हिरव्या जाळीखाली कुंड्यांच्या रांगा, विलायती आमरी, कागदासारखी फुलं. गल्ल्यावर एक म्हातारी बसली होती. बराच वेळ मी इकडंतिकडं करत राहिले, मग सांगितलंच, की एका बाईनं तुमच्या विहिरीवर पाणी ओढलं होतं, तिची मी मुलगी.

तिनं मला बसवून घेतलं. मी विचारलं, मग पुढं काय झालं? ती हसली, थकल्यासारखी. "काय व्हनार? दुसऱ्या दिशी परत मीच. पाऊस पडूस्तवर मीच." मूल नीट झालं, मुलगी झाली, तीच आता सगळं बघते म्हणाली. गल्ल्याचं झाकण लावत म्हणाली, "पन त्या दिशी मी सावलीला बसले हुते बाई. कुनी तरी बस म्हनलं हुतं. ते न्हाई इसरले."

मग तिनं आपणहून सांगितलं, धाकटे दीर गेले, दोन पावसाळे झाले. त्यांची बायको मागं काम करत होती, मला दिसली. अंगानं माझ्याएवढीच, वाकून रोपं दुसऱ्या कुंडीत लावत होती. नातू तिला बसायला पाट आणून देत होता. मी झाड न घेताच परत आले. एसटीत फार दमून गेल्यासारखं झालं.

हे तुला कुठं पाठवायचं आहे? यांची औषधाची वेळ झाली, हाक मारता येत नाही म्हणून ते पलंगाची कड वाजवतात, ती वाजते आहे. उठते. तू बरोबर होतीस, आई, असं मी माझ्या मुलीला नेहमी सांगत आले आणि ते खोटं नाही. पण मी कोल्हारला झाडासाठी गेले नव्हते, त्या बाईसाठीही नाही. आणि त्या दिवशी विहिरीवरून निघताना तू मला एकदा विचारलं असतंस, तर मी हो म्हणाले असते.