टिटवीची सहा मिनिटं

शनिवार, १८ एप्रिल
दुपारचे ३ वाजून २० मिनिटं

प्रिय ताई,

नमस्कार. तुझी तब्येत बरी असेल, तिथलं पाणी आता बाधत नसेल आणि पाइपलाइनच्या कॅम्पच्या मुकादमाने तुला दुसरी शेगडी एकदाची दिली असेल, असं धरून चालतो.

वर जी वेळ लिहिली आहे, त्या वेळी मी स्वयंपाकघरात उभा होतो. पातेल्यात पाणी उकळत होतं आणि त्याच्या वाफेवर धरून मी एका जुन्या पुस्तकाची चिकटलेली दोन पानं सोडवत होतो. चारच मिनिटं लागली. पानं सुटली, मी आतलं चित्र पाहिलं, गॅस बंद केला आणि लिहायला बसलो. चित्रात काय होतं ते सांगतो, पण मला क्रमाने सांगू दे. क्रम सुटला की माझं काय होतं ते तुला माहीत आहे.

दर पत्रात दुसरी ओळ "इकडे सगळे ठीक" अशी असते. या पत्रात ती नाही. तुझी पोर, आपली टिटवी, घरात आहे, आतल्या खोलीत झोपली आहे, मला इथून तिचा श्वास ऐकू येतो. एवढं धरून ठेव आणि पुढे वाच.

तुमच्या पुरवठ्याचा ट्रक आज सात वाजता निघतो. ड्रायव्हरकाका उद्या दुपारी हे तुझ्या हातात देतील. संध्याकाळी सहाला तुझा फोन येईल. त्याआधी तुला सगळं माहीत असलं पाहिजे, कारण फोनवर मला जमत नाही. गेल्या रविवारी जमलं नाही.

मी एक जेट स्की विकत घेतली. जुनी. पाण्यावरची स्कूटर म्हण, मागे दोघं बसतात. तू म्हणशील, याला वेड लागलं. बाबाही तेच म्हणाले. "घरातली बादली गळते, आणि हा पाण्यावर चालवायला गाडी आणतो!"

कारण ऐक. टिटवीला शाळेत "माझी सुट्टी" यावर निबंध होता. तिने दीड पान लिहिलं की मामा मला तळ्यावर नेतो, आम्ही मशीनवर बसतो, पाणी तोंडावर उडतं, आजोबा काठावरून हात करतात. सगळं खोटं, आणि शुद्धलेखनाची एकही चूक नाही. बाईंनी खाली लाल शाईत "मजा आहे बुवा!" असं लिहिलं होतं. ती वही तिने माझ्यापासून लपवली होती. मला ती डब्यांच्या मागे सापडली.

मग मी हिशोब केला. तळ्यावर भाड्याची मशीन दहा मिनिटांना आठशे. तिघांचे दोन हजार चारशे. छत्तीस रविवारांत जुनी मशीन फुकट पडते. बाबांना कागद दाखवला. ते म्हणाले, "अरे, आपण एकाही रविवारी भाड्याने घेतलेली नाही. मग ते पैसे तर वाचलेलेच आहेत की!" मला ते तेव्हा पटायला हवं होतं.

विकणारा माणूस चष्म्याचा दुकानदार. मुलं मोठी झाली, लांब गेली, मशीन ताडपत्रीखाली पडून. मागितले एक लाख दहा, ठरले पंच्याऐंशी. मी मीटर घेऊन गेलो होतो. बॅटरी, वायरिंग, सगळं तपासलं, त्यांना हसू येईपर्यंत तपासलं. हँडलवरचा वेगाचा खटका दाबून सोडला की हळू परत यायचा. "जरा आळशी आहे, तेल दे," म्हणाले. मी तेल दिलं. मग त्यांनी एक लाल दोरी हातात ठेवली. तिच्या एका टोकाला प्लॅस्टिकचा चिमटा, तो हँडलवरच्या बटणाखाली बसवायचा. दुसऱ्या टोकाला कापडी पट्टा. म्हणाले, "ही जपायची बरं का. ही हरवली तर मशीन सुरूच होणार नाही. बाकी सगळं पुस्तकात आहे."

पुस्तक कधीतरी भिजलेलं होतं. मी तीन दिवस त्याचं एकेक पान सुटं केलं, मध्ये वर्तमानपत्र घालून इस्त्री फिरवली. अर्धं समजलं, अर्धं डिक्शनरी घेऊन वाचलं. फक्त दोन पानं सुटेनात. ओढली तर फाटतील म्हणून तशीच राहू दिली.

आता पैशाचं. जॅकेटं आणि वाहतूक धरून साडेत्र्याण्णव हजार लागले. माझे साडेएकेचाळीस. वर्कशॉपच्या मालकांकडून पंचवीस उचल घेतली. आणि सत्तावीस हजार मी टिटवीच्या डब्यातून काढले. तू दर महिन्याला पाठवतेस त्यातून, तुला न विचारता. हे सांगायला मी एक पत्र गेल्या शनिवारी लिहायला घेतलं होतं. तेव्हा ही मला माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक वाटत होती. ते पत्र फाडलं.

आपल्या घरात काहीही हरवू नये म्हणून आईने काय सवय लावली, आठवतं ना? आई गेली तरी ती तशीच आहे. कात्री शिलाई मशीनला बांधलेली, पेन कॅलेंडरला, झाकण डब्याला. टीव्हीचा रिमोट मी टेबलाच्या पायाला बांधला तेव्हा बाबा म्हणाले, "मला तेवढं मोकळं सोडा."

मी लाल दोरी हँडलला बांधली.

चिमटा बटणाखाली, आणि उरलेली दोरी हँडलच्या दांड्याला गुंडाळून पक्की. मोटर वाइंडिंगला आम्ही जो दोरा वापरतो तोच घेतला, तेरा वेढे, वर वॉर्निश. मालकांनी पाहिलं असतं तर शाबासकी दिली असती. कापडी पट्टा कशासाठी असेल, याचाही मी विचार केला होता. घरी खुंटीला टांगायला असेल, असं ठरवलं.

रविवारी, १२ तारखेला, सकाळी साडेनऊला आम्ही तळ्यावर पोचलो. पहिली फेरी मी एकट्याने मारली, हळू. मग टिटवीची पाळी. प्रत्येकाला दहा मिनिटं असं ठरलं होतं, बाबा घड्याळ धरून काठावर बसले. तिला नवं जॅकेट घातलं, तिन्ही बकलं मी स्वतः दोनदा ओढून पाहिली. आणि तिला सांगितलं, "मला धरायचं नाही. मी पडलो तर तूही पडशील. सीटमागचा पट्टा धरायचा, आणि काहीही झालं तरी सोडायचा नाही. काय सांगितलं?"

"काहीही झालं तरी सोडायचा नाही. चल ना रे मामा, आजोबांचं घड्याळ पळतंय!"

ताई, ती इतकी ओरडत होती की भाड्याच्या होडीवाल्याने कानावर हात ठेवले. "अजून जोरात! अजून!" मी वळणावर जोर दिला. पाण्याची एक लाट आडवी आली आणि मी पडलो.

डोकं पाण्याबाहेर काढलं तर मशीन चालू. मला आधी तेच कळेना. माणूस खाली आहे आणि गाडी चालली आहे, हे डोळ्यांना दिसत होतं पण आत शिरत नव्हतं. खटका दाबलेलाच अडकून राहिला होता. हँडलवर कोणी नाही आणि मागे आठ वर्षांची पोर पट्टा धरून बसलेली. मशीनने एक मोठा वळसा घेतला, तिचं तोंड माझ्याकडे झालं, मग बांधाच्या दगडांकडे. बाबा गुडघे विसरून, चपलांसकट पाण्यात शिरले होते. ओरडत होते, "उडी मार! टिटवे, उडी मार!"

तिने उडी मारली नाही.

दगडांना लागून मशीन उलटली. होडीवाल्याने टिटवीला उचलून काठावर आणलं. डावा हात कोपराखाली दोन ठिकाणी मोडला आहे. ऑपरेशन करून आत धातूची पट्टी घातली, बुधवारी. पुढचा एक दात गेला, दुधाचा नाही, पक्का. डोक्याला काही नाही, फोटो काढले, दोनदा काढले. गुरुवारी घरी आणलं. जिवाला धोका नाही. हात पूर्वीसारखा वळेल का, ते सहा आठवड्यांनी कळेल.

त्या रविवारी सहाला तू फोन केलास तेव्हा मी हॉस्पिटलच्या जिन्यात होतो. तू म्हणालीस, "आवाज का असा घुमतोय रे?" मी म्हणालो, गच्चीवर आहे. तू म्हणालीस, टिटवीला दे. मी म्हणालो, मैत्रिणीकडे गेली आहे. तू हसून म्हणालीस, "तिची मैत्रीण बहिरी झाली असेल एव्हाना." मीही हसलो. ते हसू कुठून आलं ते मला अजून कळलेलं नाही.

सोमवारी मी चष्मेवाल्यांकडे भांडायला गेलो. दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी म्हणालो, तुम्ही मला मोडकी मशीन विकली, आमची मुलगी हॉस्पिटलमध्ये आहे. त्यांनी हातातली फ्रेम खाली ठेवली, शटर ओढलं आणि माझ्याबरोबर तळ्यावर आले. मशीन काठावर आडवी होती. त्यांनी आधी खटका पाहिला. म्हणाले, "हा अडकला, ही माझी चूक. मी बदलून द्यायला हवा होता." मग हँडलकडे पाहिलं. वेढ्यांवरून बोट फिरवलं.

"हे कोणी बांधलं?"

"मी," मी म्हणालो. ताई, मी ते जरा अभिमानाने म्हणालो. एवढं होऊनही एक वेढा सुटला नव्हता.

ते माझ्याकडे बघतच राहिले. "इतकं नीट?" म्हणाले. जाताना हॉस्पिटलमध्ये येऊन बाबांच्या हातात पंधरा हजार ठेवून गेले. ते असे का बघत होते हे मला कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. पण चार दिवस ती नजर जाईना, म्हणून आज पुस्तक काढलं आणि पातेलं ठेवलं.

त्या दोन पानांवर एक चित्र आहे. वाचायची गरजच नाही, तिसरीतल्या पोरालाही कळेल. चालवणाऱ्याच्या मनगटाला तो कापडी पट्टा बांधला आहे. शेजारच्या चित्रात माणूस पाण्यात पडला आहे, त्याच्याबरोबर दोरी ओढली गेली आहे, चिमटा निघाला आहे आणि मशीन बंद. बस, एवढंच. मी पडलो त्या क्षणी ती बंद पडली असती. पाण्यावर नुसती डुलत राहिली असती आणि टिटवी मला हसली असती.

पानं फाटू नयेत म्हणून मी ती उघडली नाहीत. दोरी हरवू नये म्हणून बांधली. मघापासून ही दोन वाक्यं मनात म्हणून पाहतोय.

आणि एक वाक्य मी वर गाळलं आहे. क्रमाने सांगतो म्हणालो आणि गाळलं. बाबा "उडी मार" ओरडत होते, तेव्हा मीही पाण्यातून ओरडत होतो. मी ओरडत होतो, "सोडू नकोस! धरून ठेव!" मशीन वळली आणि टिटवीचं तोंड माझ्याकडे झालं, तेव्हा तिने आधी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि पट्टा आणखी घट्ट धरला. अंगात जॅकेट होतं, पाणी खोल होतं, तिला काही झालं नसतं. बाबांनी हे कोणालाही सांगितलेलं नाही. मलासुद्धा बोलून दाखवलेलं नाही.

हॉस्पिटलमध्ये शुद्धीवर आल्यावर ती पहिलं काय बोलली माहीत आहे? "मामा, मी सोडला नाही." आणि मग, "चारच मिनिटं झाली होती, आजोबांनी घड्याळ बघितलंय. माझी सहा राहिली." सहा दिवसांत ती एकदाही रडली नाही. इंजेक्शनलासुद्धा नाही. नर्सबाई सगळ्यांना सांगायच्या, अशी शूर पोर पाहिली नाही.

४ वाजून ५० मिनिटं. मध्ये ती उठली होती. दूध नेऊन दिलं. तिने हा कागद पाहिला.

"आईला लिहितोयस? हाताचं नको लिहू हां."

"का?"

"मग ती मला तिकडे नेईल. तिकडे शाळा नाही, नुसती पाइपांची माणसं आहेत. पडल्याचं सांग हवं तर. जिन्यात."

तिने मला सूट दिली होती, ताई. मी ती घेतली असती तर चाललं असतं. पण मी पुस्तक आणलं आणि तिला ते चित्र दाखवलं. सांगितलं की दोरी मी चुकीची बांधली. की बाबांचं बरोबर होतं, उडी मारायला हवी होती. की मी तिला चुकीचं सांगितलं, आधीही आणि पाण्यातूनही.

तिने चित्र बराच वेळ पाहिलं. "म्हणजे सोडला असता तर चाललं असतं?"

"हो."

"मग मी उगाच धरला?"

ती भिंतीकडे वळली आणि रडायला लागली. टिटवीसारखी नाही, आवाज न करता. मी प्लॅस्टरवर हात ठेवला, तिने तो काढला. थोड्या वेळाने भिंतीलाच म्हणाली, "ती सहा मिनिटं नकोत मला."

खरं सांगून मी तिच्याकडे एकच गोष्ट उरली होती तीही काढून घेतली का, हे तू मला सांग. मला कळत नाही. तिला माझ्याकडे ठेवायचं की न्यायचं हेही तूच ठरव. उद्या सहाला मी फोनजवळ असेन. गच्चीवर नाही, घरात. ती बोलली तर तिला देईन.

खर्च असा. मशीन ८५,०००. दोन जॅकेटं ६,४००. वाहतूक आणि पेट्रोल २,१००. हॉस्पिटल ४६,३००. एकूण १,३९,८००. पैकी माझे ४१,५००.

देणं असं. मालक २५,०००. टिटवीचा डबा, म्हणजे तू, २७,०००. बाबा २०,०००. चष्मेवाले १५,०००. हॉस्पिटल, अजून भरायचे, ११,३००. एकूण ९८,३००. दोनदा मोजून पाहिलं, बरोबर आहे.

शिवाय टिटवीची सहा मिनिटं. तिने नको म्हटलं आहे. मी ती खोडलेली नाहीत.

तुझा,
ज्याच्या भरवशावर तू पोर ठेवून गेलीस तो,
धाकटा